हातांची तपासणी

१

प्रसीदानं ओढणी बाजूला केली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. एलिकुट्टीनं तोंडाशी नेलेला चहाचा ग्लास तसाच खाली आला.

हात काळेनिळे पडले होते. बोटांच्या मागच्या बाजूला टपोरे फोड, सांध्यांवर कातडी ताणून चकाकत होती. मनगटापर्यंत हे सगळं, आणि मनगटाच्या वर नेहमीची सावळी, नितळ कातडी.

"माझ्या टॉवेलला कुणीतरी टरफलाचं तेल लावून ठेवलं होतं," ती म्हणाली. "सकाळी हात पुसले, आणि हे."

आमच्या कोल्लमच्या बाजूला टरफलाचं तेल म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. काजूच्या टरफलात ते असतं आणि कातडी जाळतं. बिया फोडणाऱ्या बायकांचे हात त्यानंच जन्मभर काळे राहतात. पण प्रसीदा फोडणारी नव्हती. ती निवड विभागात होती, सोललेले पांढरे गर आकाराप्रमाणे वेगळे करायला. तिथे हात म्हणजेच नोकरी. डागाळलेल्या हातांची बाई त्या टेबलाशी एक दिवस टिकत नाही.

आणि आज तिच्या तक्रारीची सुनावणी होती. तक्रार मॅनेजर सत्यशीलनविरुद्ध, लैंगिक छळाची. नाव बघा माणसाचं, सत्यशीलन! आईबापांनी केवढ्या आशेनं ठेवलं असेल.

मी भानुमती, वकील. या कारखान्याच्या तक्रार समितीवर बाहेरची सदस्य. कायद्यानं एक तरी माणूस बाहेरचं लागतं म्हणून मला बोलावतात, चहा देतात, केळ्याचे वेफर्स देतात, आणि मी काही विचारलं की सगळ्यांना अचानक कामं आठवतात. एलिकुट्टी समितीची अध्यक्ष. एरवी ती हिशेब विभाग सांभाळते आणि मालकाचा मूडही.

"कुणी केलं असेल?" एलिकुट्टीनं विचारलं, पण तिची नजर दाराकडे गेली होती. दाराबाहेरच्या बाकावर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सत्यशीलन बसला होता. माझीही नजर तिकडेच गेली. खोलीत त्या क्षणी कुणाच्याच मनात दुसरं नाव नव्हतं.

२

प्रसीदाला कारखान्याच्या दवाखान्यात पाठवलं आणि मी निवड विभागाची मुकादम श्यामळा हिला बोलावलं.

आधी मूळ तक्रार सांगते. माल परदेशी जातो, म्हणून निवड विभागात रोज सकाळी बायकांचे हात तपासतात. नखं, जखमा, डाग. हे काम श्यामळाचं होतं. सत्यशीलन आला आणि म्हणाला, हात मी स्वतः तपासणार. केबिनमध्ये, एकेकीचे, दार लोटून. आधी तळवा, मग मनगट, मग कोपर, मग "दंडावर काही पुरळ आहे का बघू". प्रसीदाच्या वेळी एक दिवस त्यानं आतून कडी लावली. पुढचं तिनं मला एकदा सांगितलं. मी ते इथे सांगणार नाही.

एलिकुट्टीनं मात्र तिला गेल्या सुनावणीत फिरवून फिरवून विचारलं होतं, "कुणी पाहिलं का? ओरडलीस का? काही वळ, काही खूण?" प्रसीदा प्रत्येक वेळी "नाही" म्हणाली आणि प्रत्येक "नाही"ला थोडी लहान होत गेली. साक्ष द्यायला निवड विभागातली एकही बाई आली नव्हती. आज काही हाती लागलं नसतं, तर "पुरावा नाही" म्हणून तक्रार निकालात निघणार होती. मग ती पोर पुन्हा रोज सकाळी त्याच केबिनसमोर हात पुढे करून उभी.

फक्त तिची आई आली होती. कार्त्यायनी. याच कारखान्यात बिया फोडते, तीस वर्षं तरी झाली असतील. माझ्यासमोर हात जोडून, आमच्याकडे ताईला चेची म्हणतात तशी हाक मारून म्हणाली, "चेची, माझ्या पोरीला माझ्याकडे शेडमध्ये पाठवा. फोडू दे तिला बिया. मला बाकी काही नको." मी तिला ऐटीत समजावलं होतं, की तक्रार करणारीलाच खालच्या कामावर पाठवणं ही तिला शिक्षा झाली, कायदा तसं करू देत नाही, मी होऊ देणार नाही. ती मान हलवून निघून गेली. आपण फार चांगलं बोललो, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

श्यामळा आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "चेची, मी काही बघितलेलं नाही."

"मी अजून काही विचारलेलं नाही."

"मग ठीक."

"सत्यशीलन हात तपासतो, ते तुला ठाऊक होतं?"

"हातच तर धरतो. गळा थोडाच धरतो?"

"तुझा धरला होता?"

"माझे हात आता धरण्यासारखे राहिलेत का?" ती हसली. हसता हसता तिनं हात साडीच्या पदराखाली घेतले.

मी टॉवेलवर आले. तो तिनंच खुंटीवरून काढून आणला होता. नीट घडी घातलेला, आणि घडीच्या मधोमध काळपट डाग.

"सकाळी पोरी आल्या की काय करतात?"

"काय करणार? फाट्यापासून चालत येतात, घामाघूम. तोंड धुतात, हात धुतात, तोंड पुसतात, हात पुसतात, टोपी घालतात. का?"

"सत्यशीलन आज सकाळी खुंट्यांजवळ दिसला?"

"मॅनेजर सार?" श्यामळानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी. "सार तर तुमच्या मागोमाग आले, मालकांच्या गाडीतून. काल दुपारीच त्रिशूरला गेले होते. मालकांच्या भाचीचं लग्न होतं ना!"

३

"वकीलचेची, माझ्याही घरी मुलगी आहे," सत्यशीलन म्हणाला.

हे वाक्य म्हणायला शिकवण्याची एखादी शाळा असावी. माझ्या समोर बसलेला प्रत्येक जण ते पाठ करून येतो.

"काल दुपारी गेलात?"

"जेवण झाल्या झाल्या. मालकांना विचारा. अख्ख्या लग्नाला विचारा. आणि मला सांगा, ते तेल मी आणणार कुठून? मी शेडकडे फिरकतसुद्धा नाही. काय तो धूर, काय तो वास, आणि त्या बायका!"

"त्यांचे हात नाही का तपासत?"

तो मनापासून हसला. "त्यांचे काय तपासायचे?"

मला त्याच्या त्या हसण्याची शिसारी आली. पण पुढचं तो जे बोलला, त्यानं मी जागच्या जागी थांबले.

"फार आग होत असेल बिचारीची," तो म्हणाला. "सकाळी हात पुसले आणि लगेच एवढे फोड!"

लगेच.

तो बाहेरचा, एर्नाकुळमचा. त्याला ठाऊक असायचं कारण नाही. पण कोल्लममध्ये वाढलेल्या कुठल्याही पोराला विचारा. झाडाखालची ओली बी दातानं फोडली की त्या क्षणी काही होत नाही, पोर खेळायला पळतं. ओठ सुजतात ते दुसऱ्या दिवशी, आणि मग घरी मार बसतो. टरफलाचं तेल चुरचुरतं लगेच, पण फोड वर यायला वेळ घेतं. प्रसीदाच्या हातांवर मी पाहिले ते सकाळचे फोड नव्हतेच. तेल लागलं होतं आदल्या संध्याकाळी.

आणि आदल्या संध्याकाळी हा माणूस त्रिशूरला लग्नात पायसम खात होता.

ज्यानं केलं असावं असं मला मनापासून हवं होतं, त्यानं हे केलेलं नव्हतं. मग पोर खोटं का बोलली?

४

बाहेर आले तर अंगणात गलका. निवड विभागातल्या साठ-सत्तर बायका टोप्या काढून उन्हात उभ्या होत्या. साक्षीला बोलावलं तेव्हा यांतली एकही आली नव्हती. आज त्या सत्यशीलनच्या नावानं ओरडत होत्या. भाजलेले हात त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्यांना तेवढं पुरे होतं. श्यामळा मागच्या रांगेत होती. ओरडत नव्हती, पण होती.

मला त्यांच्याकडे बघवेना. हे सगळं ज्या गोष्टीवर उभं होतं ती गोष्ट खोटी आहे, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

चालता चालता मी तो टॉवेल मनात पुन्हा उलगडला. त्यानं तिनं तोंड पुसलं असतं. सगळ्याच पोरी आधी तोंड पुसतात. प्रसीदाच्या तोंडावर साधा लाल ठिपकासुद्धा नव्हता. आणि ओले हात पुसलेला टॉवेल घडी घालून परत खुंटीवर कोण ठेवतं? तो टॉवेल तिनं वापरलाच नव्हता. डाग नंतर लावला होता.

मी शेडमध्ये गेले. दोन रांगांत बायका जमिनीवर बसून लाकडी हातोड्यानं बिया फोडत होत्या. अंगावर साडीवरून पुरुषांचे जुने शर्ट, डोक्याला पंचे. अंगणातल्या गलक्याकडे कुणी मान वळवून पाहत नव्हतं.

कार्त्यायनी नुकतीच जेवून परत बसत होती. समोर वाटीत खोबरेल आणि पत्र्याच्या डब्यात राख. तिनं आधी मनगटाच्या वरच्या भागाला तेल चोळलं, अगदी निगुतीनं, मग हातांना राख फासली.

"कार्त्यायनीचेची, प्रसीदाचं कळलं ना?"

"कळलं." तिनं मान वर केली नाही.

"बघायला नाही गेलात?"

"जाईन की. सुट्टी झाल्यावर." ठक. टरफल दुभंगलं, अखंड गर बाहेर आला.

कुठल्या आईला असं बसवेल? मी तिच्या हातांकडे बघत राहिले. राखेच्या वर, मनगटाशी, तेलाची चकाकी सरळ रेषेत संपत होती.

"हे वर खोबरेल कशाला लावता?"

"ते असलं की टरफलाचं तेल वर चढत नाही. मनगटाशी थांबतं," ती म्हणाली, आणि तिचा हातोडा हवेतच थांबला.

मी पाहिलेले हात मला आठवले. मनगटापर्यंत जाळ आणि वर नितळ कातडी. द्वेषानं तेल टाकणारा माणूस ते कुठवर जाईल याची काळजी घेत नाही. ज्यानं लावलं, त्यानं आधी त्या पोरीच्या मनगटांना खोबरेल चोळलं होतं.

५

दवाखान्याच्या खाटेवर प्रसीदा एकटीच होती. हात मलमानं माखून उशीवर ठेवलेले. मी दार लोटलं आणि बसले.

"आई रोज संध्याकाळी तुझ्या हातांना तेल लावते?"

ती वरच्या पंख्याकडे बघत होती. "लहानपणापासून," ती म्हणाली. "माझे हात तिच्यासारखे होऊ नयेत म्हणून. बारावी झाले आणि निवडीत लागले तेव्हा अख्ख्या शेडला तिनं लाडू वाटले होते. माझ्या पोरीचे हात पांढरे राहिले म्हणून."

"आणि काल?"

"काल मी हात पुढे केले, रोजच्यासारखे. आधी मनगटाला खोबरेल लावलं. मग दुसरी वाटी घेतली. वासावरून मला कळलं, मी हात ओढले, पण तिची पकड तुम्हाला माहीत नाही, चेची. 'थोडं सोस,' म्हणाली. 'थोडं सोस, मग कधीच कोण धरणार नाही.' आणि माझ्यापेक्षा जास्त तीच रडत होती."

मी नियम सांगून परत पाठवलेली बाई घरी जाऊन तिला जे येत होतं ते करून बसली होती. या कारखान्यात किती साहेब आले नि गेले. कुणीही शेडमधल्या बाईचा हात धरला नाही. समित्या, फलक, तक्रारपेटी हे सगळं आत्ताचं. त्याआधीपासून इथे बाईला राखलं होतं ते त्या काळ्या हातांनी. कार्त्यायनीनं पोरीला तेच दिलं.

"मग टॉवेलचं का सांगितलंस?"

आता ती माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते.

"त्यानं केलं त्याची खूण राहिली नाही. तुम्ही सगळ्यांनी खूण मागितली. एलिकुट्टी मॅडमनी तर चार वेळा मागितली. सकाळी उठले, हात बघितले, आणि वाटलं, घ्या. ही घ्या खूण." तिनं हात माझ्यासमोर धरले. "त्याचं नाव लिहा ना, चेची. त्यानं केलेलं कुणी मानत नाही, तर न केलेलं तरी माना. शिक्षा तर तीच आहे ना?"

खरं सांगते, लिहावंसं वाटलं. अंगणात बायका ओरडत होत्या, मालक घाबरला होता, एका सहीचं काम होतं.

"तो त्रिशूरला होता," मी म्हणाले. "पोलीस येतील. डॉक्टर सांगतील की तेल संध्याकाळचं आहे. मग ते घरी जातील, आणि घरी तुझी आई आहे."

तिला ठाऊक नव्हतं तो दूर होता ते. तिच्या चेहऱ्यावरून ते उतरत गेलेलं मी पाहिलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

६

एलिकुट्टी होती. आत आली, प्रसीदाच्या हातांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मनगटाला खोबरेल लावलेलं दिसतंय."

मी उठून दार पुन्हा लोटलं.

"मलाही दोन डोळे आहेत, वकीलचेची. माझी आईही शेडमध्येच होती. लहानपणी आम्ही तिच्या हातचा घास खायला रडायचो, कडू लागतो म्हणून." ती खाटेच्या कडेला बसली. "मालक पोलिसांना बोलवायला निघालेत. त्यांना वाटतंय, युनियनवाल्यांचा डाव आहे. मी म्हटलं, थांबा, मी बोलते."

"काय बोलणार आहेस?" मी विचारलं.

"पोरीनं तक्रार मागं घ्यावी. दोन्ही. मग हा कामावरचा अपघात. घरी कुणी जाणार नाही, आईला कुणी विचारणार नाही. नाहीतर..." ती अडखळली. "खोटी तक्रार केली की कारवाई उलटी होते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, त्या शिबिरात."

"पहिली तक्रार खोटी नाही, एलिकुट्टी. तुलाही ते माहीत आहे."

"मला माहीत असून काय होतं?" ती एकदम चिडली. "हिशेबात येण्याआधी मीपण निवडीतच होते. तेव्हा दुसरा मॅनेजर होता. माझे पण हात होते!"

मी प्रसीदाला म्हणाले, की आपण लढू, पहिली तक्रार वेगळी ठेवू, मी वर अपील करीन, डॉक्टरांना समजावीन. बोलता बोलता माझं मलाच ते पोकळ वाटायला लागलं. एकदा टॉवेलचं खोटं उघडं पडलं की तिच्या कडी लावलेल्या खोलीवर कोण विश्वास ठेवणार होतं? आणि ते उघडं पडलं की पोलीस तिच्या आईपर्यंतच पोचणार होते.

प्रसीदानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सही कशी करू? बोटं वळत नाहीत."

एलिकुट्टीनं शाईचा पॅड आणला. अंगठाही फोडांनी भरलेला होता. शेवटी तिनं पायाचा अंगठा टेकवला.

बाहेर अंगणात श्यामळा अजून उभी होती. "काय झालं चेची?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अपघात. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, टोपी झटकली आणि डोक्यावर चढवून आत गेली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या गेल्या.

७

त्यानंतर मी त्या कारखान्यात गेले ती वार्षिक शिबिराला. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ कसा रोखावा यावर मी बोलायचं असतं. नवा फलक लागला होता, सुवाच्य मल्याळममध्ये, हेल्पलाइनच्या नंबरासकट. समईची पहिली वात सत्यशीलननं लावली. चपला काढून, अदबीनं. मी तासभर बोलले. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि वेफर्सची पाकिटं घेऊन कामाला गेल्या.

निघताना निवड विभागावरून गेले. प्रसीदाच्या जागी एक नवी पोर बसली होती, एकोणीस-वीसची, लांब बोटांची. भराभर गर वेगळे करत होती आणि दर थोड्या वेळानं केबिनच्या दाराकडे बघत होती.

मग मी शेडमध्ये गेले. कार्त्यायनीच्या शेजारी प्रसीदा बसली होती. अंगात बापाचा जुना शर्ट, डोक्याला पंचा, हातांना राख. तिचे हात आणि आईचे हात आता वेगळे ओळखू येत नव्हते. मला बघून ती हसली. मी तिचा हात धरायला वाकले तर तिनं तो मागे घेतला.

"नको, चेची. तेल आहे. तुम्हाला लागेल."

कार्त्यायनीनं मला बसायला पोतं सरकवलं. पहिल्यांदाच ती माझ्याशी मोकळी बोलत होती, बरोबरीच्या बाईशी बोलावं तशी.

"आता बरं आहे," ती म्हणाली. "शांत झोपते. कुणी हात लावत नाही." आणि मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली करून, "ती नवी पोर पाहिलीत ना, निवडीतली? तिची आई काल घरी आली होती माझ्याकडे. किती लावलंस, किती वेळ ठेवलंस, विचारत होती."

"तुम्ही काय सांगितलंत?"

कार्त्यायनीनं राखेत हात बुडवले. "खोबरेल आधी लावायला सांगितलं," ती म्हणाली.